मांडव लहान नव्हता

जोतीरामआबांना स्वतःच्या जमिनीत दोन खोल्या बांधायच्या होत्या. असल्या गोष्टीची आमच्या नीरपूरची नगरपंचायत एरवी दखल घेत नाही, कारण इथे लोक आधी बांधतात आणि परवानगीचे नंतर बघतात. आबांनी आधी परवानगी मागितली. पुढचे सगळे रामायण त्यातून घडले.

नीरपूर बारामती-इंदापूर रस्त्यावर आहे. त्याला गाव म्हणायचे नाही, शहर म्हणायचे. नगरपंचायत झाली त्या वर्षी तसा ठरावच झाला. ठरावानंतरही एसटी पूर्वीसारखी फाट्यावरच सोडते आणि नळाला पाणी पूर्वीसारखेच दिवसाआड येते, पण ते आता शहरी पाणी आहे.

आबांचे जुने घर पेठेत होते. रस्ता रुंदीकरणात ते गेले. रस्ता रुंद झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. रुंद झालेल्या पट्ट्यात आता दोन रसवंत्या, एक मोबाईलच्या कव्हरची गाडी आणि कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि वाहतूक जुन्या जागेतून चालते. मोबदल्याची फाईल पुण्याला गेली आहे, असे विचारेल त्याला सांगण्यात येते.

तेव्हापासून आबा आणि त्यांच्या पत्नी कौसल्याकाकू अमजदभाईंच्या गोदामात राहत होते. अमजदभाई म्हणजे अमजद मंडप डेकोरेटर्स. आसपास कुणाचेही लग्न असो, मांडव त्यांचाच. गोदामात एका बाजूला कनातींचे गठ्ठे, सोनेरी खांब आणि नवरानवरीची सिंहासने, दुसऱ्या बाजूला काकूंची शेगडी आणि दोन खाटा. अमजदभाईंनी भाडे कधी घेतले नाही, पण कापडाची धूळ त्यांच्याही हातात नव्हती. काकूंना मुळात दमा. त्या धुळीत तो इतका वाढला की दोन वाक्ये बोलून त्यांना थांबावे लागे. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितले, "औषध बदलून बघतो, पण आधी तुम्ही जागा बदला."

जागा होती. फाट्याजवळ रस्त्याला लागून आबांचे अर्धा एकर रान होते. उसाचा खोडवा मोडून मोकळे ठेवलेले. तिथे दोन खोल्या, पुढे पडवी, पूर्वेला खिडकी, एवढे आबांनी ठरवले आणि अर्ज केला. उत्तर वेळेत आले, हीच पहिली धोक्याची खूण होती. 'सदर गटात विद्यमान सांस्कृतिक भवन उभे असून ही जागा सार्वजनिक-निमसार्वजनिक विभागात समाविष्ट आहे. सबब रहिवासी बांधकामास परवानगी देता येत नाही.'

आबांनी ते दोनदा वाचले आणि खात्री करायला रानात गेले. तिथे बिरू शेळ्या चारत होता.

"बिरू, हितं कुठं सांस्कृतिक भवन दिसलं का तुला?"

बिरूने काठी टेकवून चौफेर पाहिले. "न्हाय बा. कवा हुतं?"

दुसऱ्या दिवशी आबा आणि काकू नगरपंचायतीत गेले. मुख्याधिकारी प्राची मॅडम नव्याने बदलून आल्या होत्या. त्या पैसे खात नाहीत, ही बातमी त्यांच्याआधी आली होती आणि गाव तेव्हापासून जरा घाबरूनच होते. पैसे खाणारा अधिकारी कुठेतरी थांबतो. मॅडम फक्त नियमाजवळ थांबायच्या. त्यांनी अदबीने दोघांना खुर्च्या दिल्या आणि विकास आराखड्याचा नकाशा टेबलावर पसरला. त्यात आबांच्या रानावर एक भलामोठा चौकोन होता.

"मॅडम, आमच्या रानात काय बी न्हाय. नुसती कुसळं हायती," आबा म्हणाले.

"आबा, हे ड्रोनने टिपलेले आहे. ड्रोन खोटे बोलत नाही."

काकूंनी चष्मा लावून नकाशाशेजारच्या फोटोत डोके घातले. मग त्या हसायलाच लागल्या आणि हसता हसता खोकल्या. "अवं, ह्यो तर आपल्या रेश्माचा मांडव! ही बघा कमान. आन् हितं भटारखाना."

खुलासा असा झाला. गेल्या मे महिन्यात आबांच्या मुलीचे, रेश्माचे, लग्न त्या रानात झाले. विकास आराखड्यासाठी पाहणी करणाऱ्या एजन्सीने नेमका त्याच दिवशी ड्रोन उडवला. आम्हा वऱ्हाडी मंडळींना ते लग्नाचे शूटिंग वाटले, म्हणून आम्ही वर बघून हातही हलवले. ते हात फोटोत आहेत. त्याच दिवशी आठवडे बाजार होता, त्यामुळे बाजारातल्या ताडपत्र्या 'व्यापारी संकुल' म्हणून लागल्या. त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

"मग पुसून टाका की," आबा म्हणाले.

"आराखडा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या होत्या. नकाशा कार्यालयात लावला होता."

"कुठं लावलाय?"

मॅडमनी शिपायाला विचारले. शिपायाने कपाट सरकवून दाखवले. नकाशा खरोखर तिथे होता आणि चांगल्या स्थितीत होता.

"एकही हरकत आली नाही," मॅडम म्हणाल्या. "नागरिकांना आराखडा मान्य आहे, असा त्याचा अर्थ होतो." पण काकूंचा श्वास ऐकून त्यांना वाईट वाटले असावे. त्यांनी नियमांचे पुस्तक उघडून बराच वेळ वाचले. "एक सोय आहे. बांधकाम ठरावीक क्षेत्रफळापेक्षा लहान असेल, तर ते तात्पुरती शेड धरून नकाशातून वगळता येते. फोटोवरून नक्की माप सांगता येत नाही. विशेष सुनावणी लावते. साक्षीदार आणा आणि मांडव लहान होता एवढे सांगा. बाकी मी बघते."

असा अधिकारी पाहिजे, असे त्या दिवशी सगळे म्हणाले. आबांच्या खोल्या झाल्यात जमा होत्या.

सुनावणीला आख्खे गाव आले. यावेच लागले, कारण आख्खे गाव त्या लग्नात जेवले होते. वालचंदनगरहून रेश्माचे सासरे अप्पा आले. कंपनीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. व्याह्यांच्या अडचणीत आपण मागे राहायचे नाही म्हणून ते आपल्या खर्चाने आले होते. काकूंनी येताना रस्ताभर आबांना पढवले. "लहान म्हनायचं. बस. फुडं काय बी बोलायचं न्हाय."

"व्हय की. मी काय खुळा हाय का?"

आधी अमजदभाईंना बोलावले.

"मांडव केवढा होता?"

"छोटाच हुता, मॅडम. घरगुती. चार कनाती आन् वर एक कापड. म्हनजे काय, उन्हाची सावली झाली पायजे एवढंच."

सभागृहात कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणाले, "मग आमी काय बांधावर बसून जेवलो व्हय?" लोक हसले. फुलाबाई, म्हणजे पेठेतल्या आबांच्या जुन्या शेजारीण, शेजारच्या बाईला मोठ्याने म्हणाल्या, "तरी मी तवाच म्हनलं, मांडव बेताचाच दिसतुय." अप्पांनी घसा साफ केला. मग ते आपल्या बुटांकडे बघू लागले.

आबांचे कान लाल झाले. काकूंनी त्यांची बाही धरली.

"जोतीरामआबा," मॅडमनी विचारले, "मांडव लहान होता, हे बरोबर आहे ना?"

आता इथे कुणाही शहाण्या माणसाने 'व्हय' म्हणून बसायचे. एवढ्या एका शब्दात दोन खोल्या, पडवी आणि पूर्वेची खिडकी होती. पण पुढे व्याही बसलेले, मागे गाव बसलेले, आणि प्रश्न पोरीच्या लग्नातल्या मांडवाचा. आपल्याकडे माणूस जमीन लहान सांगेल, उत्पन्न लहान सांगेल, आजार लहान सांगेल. मुलीच्या लग्नातला मांडव लहान होता असे तो सांगू शकत नाही. बाही काकूंच्या हातात राहील इतक्या झटक्याने आबा उठले.

"कोन म्हनतं लहान? ह्या अमजदला इचारा, गोदामात एक तरी खांब शिल्लक ऱ्हायला हुता का? इंदापुरातनं जादा मागवलं खांब! म्होरं कमान, कमानीला कारंजं. मदी गालिचा. स्टेज असं, की वर पन्नास मानसं उभी ऱ्हायली तरी हललं न्हाय. कूलर लावल्यालं, झुंबरं लावल्याली. असा मांडव पंचक्रोशीत झाला न्हाय, सांगून ठिवतो!"

अप्पांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "खरे आहे," ते म्हणाले. "आमचे मॅनेजर साहेबही तेच म्हणाले होते."

एकदा आबांनीच तोंड फोडल्यावर गावाला कोण आवरणार? प्रत्येकाला आपण केवढ्या लग्नात जेवलो ते सांगायचे होते. कोणी म्हणाले, दोन हजार पान एका वेळी उठले. कोणी म्हणाले, गाड्या लावायला वेगळे मैदान होते. फुलाबाईंनी तर हात धुवायच्या नळांना गरम पाणी होते असे सांगितले, जे आबांनाही नवीन होते. टंकलेखक सगळे टिपत होता. आसनक्षमता, वाहनतळ, स्वयंपाकगृह, प्रसाधन व्यवस्था.

"म्हणजे आपण सर्वांनी या वास्तूचा प्रत्यक्ष वापर केला आहे?" मॅडमनी शेवटी विचारले.

"व्हय!" आख्खी सभा एका आवाजात म्हणाली. नीरपुरात कुठल्याही विषयावर झालेले हे पहिले एकमत होते.

मॅडमनी पुस्तक मिटले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर वाईट वाटल्याचे दिसत होते. पन्नास माणसांचे स्टेज असलेली गोष्ट कुठल्याही नियमाने शेड होत नाही. बाहेर आल्यावर काकू पायरीवरच टेकल्या. त्यांना बोलायला श्वासही नव्हता.

सांस्कृतिक भवन आता केवळ नकाशात नव्हते, तर साक्षीपुराव्याने सिद्ध झाले होते. अशा वेळी अंदाजपत्रकाची सभा आली. 'विद्यमान इमारतींची देखभाल व दुरुस्ती' या लेखाशीर्षाखालचा निधी मार्चअखेर खर्ची पडला नाही तर परत जातो. नगरपंचायतीच्या मालकीच्या इमारती दोनच. एक कार्यालय, ज्याची दुरुस्ती मागच्याच वर्षी दोनदा झाली होती. दुसरे स्टँडजवळचे स्वच्छतागृह, ज्याची किल्ली सापडत नाही. तेव्हा नगराध्यक्ष ऋषिराजभाऊंनी सांस्कृतिक भवनाच्या नूतनीकरणाचा विषय मांडला. भाऊ तरुण आहेत, गॉगल लावतात आणि त्यांना विकासाची तळमळ आहे.

विरोधकांनी जोरदार हरकत घेतली. भवनासाठी केलेली तरतूद अत्यंत तुटपुंजी आहे, सत्ताधाऱ्यांना संस्कृतीची चाड नाही, असे म्हणून त्यांनी सभात्याग केला. तरतूद वाढवल्याचे कळताच ते सभात्यागातून परत आले. मग भवनाला नाव कोणाचे द्यायचे यावर दुपारपर्यंत भांडण चालले. भवन कुठे आहे, असे कोणीही विचारले नाही. विचारणार कसे? सगळेच तिथे जेवले होते.

पद्धतीप्रमाणे आधी स्ट्रक्चरल ऑडिट झाले. अहवालात म्हटले होते, 'भिंतींना कुठेही तडा आढळला नाही. छतातून गळती नाही. नैसर्गिक प्रकाश व वायुवीजन उत्तम. आवारात शेळ्या आढळल्या.' सार्वजनिक सभागृहात जनावरे सोडल्याबद्दल बिरूला नोटीस निघाली. बिरूने ती शेळीला दाखवली आणि शेळीने खाल्ली. मग रंगकाम झाले. बिलाला कामाआधीचा आणि कामानंतरचा असे दोन फोटो जोडले होते. दुसऱ्या फोटोत ऊन जास्त होते.

एवढ्यात आजूबाजूच्या लोकांच्या लक्षात आले की सांस्कृतिक भवनासमोरच्या प्लॉटला भाव चांगला येतो. फ्लेक्स लागले. ज्यांचे रान भवनापासून लांब होते त्यांनी ते जवळ असल्याचे सांगायला सुरुवात केली. भवन नाही, हे प्रत्येकाला माहीत होते आणि प्रत्येकाचे त्यात थोडे थोडे चांगले चालले होते.

आबा ऋषिराजभाऊंच्या घरी गेले. "भाऊ, तुमी लग्नात वाढपी हुता. श्रीखंड तुमच्याकडं हुतं. तितं काय न्हाय हे तुमाला म्हाईत हाय."

"आबा, मला माहीत असून काय उपयोग? रेकॉर्डला पाहिजे," भाऊ मायेने म्हणाले. "आणि तुम्ही मन छोटं करू नका. लोकार्पणाला तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. भूमिदाता म्हणून स्टेजवर नाव घेऊ."

"मी कुटं भूमी दिली?"

"तोच तर तुमचा मोठेपणा!"

"कौसल्याला दम लागतुय, भाऊ. डाक्टर म्हनला, पावसाळ्याच्या आत हालवा."

भाऊ गंभीर झाले. "काकूंची पण शाल सांगतो," ते म्हणाले.

लोकार्पणाची तारीख ठरली. पुण्याहून मोठे पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांना काहीतरी दाखवणे भाग होते. भाऊंनी अमजदभाईंना बोलावून घेतले.

"तोच मांडव लागला पाहिजे. तस्साच. कमान, कारंजं, सगळं. रेकॉर्डशी जुळलं पाहिजे."

"त्येच कापड?"

"तेच कापड."

दोन दिवस गोदामातून गठ्ठे निघत होते. शेवटचा टेम्पो गेला आणि अमजदभाईंच्या माणसांनी फरशी धुऊन काढली. त्या दुपारी काकू मधोमध उभ्या राहिल्या, त्यांनी पोट भरून श्वास घेतला आणि त्या खोकल्या नाहीत. "अवं," त्या आबांना म्हणाल्या, "ह्ये बरं वाटतुया की." त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण तेवढा एकच दिवस. अमजदभाईंनी रिकाम्या जागेत पुढच्या लग्नांसाठी जुन्या गाद्या आणून ठेवल्या आणि धूळ पुन्हा सुरू झाली. त्यांचाही नाइलाज होता.

लोकार्पण थाटात झाले. पाहुण्यांनी फीत कापली आणि इतके हवेशीर भवन आपण पाहिले नाही असे सांगितले. आबांना शाल मिळाली, काकूंना मिळाली, आम्हाला जेवण मिळाले. वर ड्रोन फिरत होता. आम्ही सवयीने हात हलवले.

दुसऱ्या दिवशी अमजदभाई माणसे घेऊन मांडव सोडायला गेले, तर तिथे नगरपंचायतीचा शिपाई उभा. कागद मॅडमचा होता. सार्वजनिक इमारत सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय पाडता येत नाही. तसे केल्यास गुन्हा दाखल होईल.

अमजदभाई धावत मॅडमकडे गेले. "मॅडम, माजं कापड हाय त्ये! लग्नसराई हाय. लोकांचं इसाराचं पैसं घेतल्यात मी."

"तुम्ही भाड्याने दिले असेल तर बिल सादर करा."

"मग भाडं द्या."

"विद्यमान इमारतीला मांडवाचे भाडे कोणत्या शीर्षाखाली द्यायचे?" मॅडमनी विचारले. त्या खरोखरच शीर्ष शोधत होत्या. ते सापडले नाही.

रात्रभर आबा आणि काकूंनी काय ठरवले कुणास ठाऊक. सकाळी काकू पिशवी घेऊन निघाल्या, मागून आबा डोक्यावर खाट घेऊन. स्टेजच्या मागे त्यांनी संसार मांडला. "जमीन माजी," काकूंनी शिपायाला सांगितले. "इमारत हाय म्हनतंय सरकार. मग इमारतीत ऱ्हाते मी. तुजं काय जातंय?"

शिपायाचे काही जात नव्हते. चारी बाजूंनी वारे, वर कापड पण बांधून ठेवलेले, न झटकलेले. काकूंचा दम आठवड्यात उतरला. त्या पूर्वेकडची कनात सकाळी वर गुंडाळून ठेवायच्या. तिथून ऊन आत यायचे. कारंज्याच्या टाकीत त्यांनी तुळस लावली. आबांच्या मनातली खिडकी जवळपास तिथेच होती. बिरू संध्याकाळी बाहेरूनच विचारायचा, "काकू, भवनात हाय का?" आणि काकू कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसायच्या.

पण भवन झाले म्हटल्यावर नीरपूरकरांना लग्नाच्या तारखा पाहिजे होत्या. मंगल कार्यालय भाड्याने घेण्यापेक्षा नगरपंचायतीचे भवन स्वस्त. पहिल्याच नोंदणीला आलेल्या मंडळींना कमानीत काकूंचे लुगडे वाळत घातलेले दिसले. गावात चर्चा सुरू झाली. सार्वजनिक मालमत्तेत एक कुटुंब खुशाल राहते. आपण कर भरतो. कायदा सर्वांना सारखा हवा. पेठेत ज्यांचा ओटा, जिना आणि गॅलरी रस्त्यावर आली आहे तेही कळवळून बोलत होते.

आबा घाबरले. एकटेच मॅडमकडे गेले, आणि योगायोग असा की त्या दिवशी अप्पाही पेन्शनच्या दाखल्यावर मॅडमची सही घ्यायला वालचंदनगरहून येऊन तिथे बाकावर बसले होते. आबांनी त्यांच्याकडे पाहिले. मग टोपी काढून हातात धरली.

"मॅडम, लहानच हुता मांडव. चार कनाती. वर एक कापड. मी तवा फुगवून सांगितलं." त्यांनी अप्पांकडे हात केला. "लिवून घ्या. ह्ये व्याही हायती, ह्येंच्या म्होरं सांगतो. पोरीच्या लग्नात माजा मांडव लहान हुता."

अप्पा उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. ते रागावले होते की त्यांना बघवले नाही, हे कळले नाही.

"आबा, सुनावणी संपली," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आणि आता नवीन ड्रोनचा फोटोही आलाय. तो पहिल्याशी तंतोतंत जुळतो."

रविवारी फुलाबाईंच्या पुढाकाराने गाव भवनावर गेले. फुलाबाईंच्या नातवाचे लग्न ठरले होते. काकू तुळशीला पाणी घालत होत्या. तांब्या खाली ठेवून त्या समोर आल्या.

"कौसल्या, तुजं वाईट व्हावं असं कुनाला वाटत न्हाय," फुलाबाई म्हणाल्या. "पर ही गावाची इमारत हाय."

काकूंनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिले. आता त्यांना सलग बोलता येत होते. "तुमी समदी माज्या रेश्माच्या लग्नात जेवलाय. मला एवढंच सांगा, ही इमारत हाय का मांडव हाय? मांडव असंल, तर नकाशा खोटा हाय, तसं लिवून द्या. मी हितं माज्या दोन खोल्या बांधते. आन् इमारत असंल, तर वारं आलं की ही भित्त हालती कशी त्ये सांगा."

त्याच वेळी वारे आले आणि भिंत हलली. सगळ्यांनी पाहिले. कोणाचा प्लॉट समोर होता, कोणाची तारीख नोंदवायची होती, कोणाला उशीर होत होता. एकेक जण चप्पल शोधत निघून गेला.

गाव तोंडाने काही बोलले नाही, म्हणून त्याने लिहून द्यायचे ठरवले. आराखड्याला एकही हरकत आली नव्हती. आता ती उणीव भरून निघाली. 'सांस्कृतिक भवनातील अतिक्रमणाबाबत नागरिकांची हरकत' असा अर्ज तयार झाला. तो फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरून पेठेत, पेठेतून दूध संस्थेत, तिथून घरोघरी फिरतो आहे. सह्या भरभर होत आहेत. अमजदभाईंची नाही. बिरूची नाही, पण त्याला कोणी विचारलेही नाही. मॅडम म्हणाल्या आहेत की नागरिकांची मागणी असेल तर नियमाप्रमाणे कारवाई करावीच लागेल. जून जवळ आला आहे. काकूंना पुन्हा गोदामात जावे लागले तर काय होईल, हे बारामतीच्या डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितले आहे.

आणि आता अर्ज तुमच्याकडे येतो आहे. तुम्ही इथवर वाचताना दोन-चारदा हसलात, ते चांगलेच झाले. तुमच्या गावचा नकाशा कुठल्या कपाटामागे लावला आहे, ते तुम्ही कधी विचारलेले नाही, तेव्हा आताही नका विचारू. तुमच्याही घरात यंदा लग्न आहे ना? भवनाची एक चांगली तारीख अजून शिल्लक आहे. त्या बाईने खाट तेवढी उचलायला हवी. सगळ्यात खाली एक ओळ मोकळी ठेवली आहे. अर्ज वाचायची गरज नाही, आधीच्यांनीही वाचलेला नाही. पेन त्यालाच बांधलेले आहे.